ट्रॅकिंग नव्हे हो, ट्रेकिंग!

"कळलं का गं, कोपऱ्यावरच्या घरातलं पोरगं ट्रॅकिंगला लागलंय म्हणे!"

पोरगं दारूला लागावं, तसा काकूंचा सूर. कंपाउंडच्या भिंतीवर ताट ठेवून त्या घेवड्याच्या शेंगा मोडत होत्या, अर्धं लक्ष कोपऱ्यावरच्या घराकडे.

"दर रविवारी पहाटेच्या शटलनं पुण्याला जातंय. पाठीवर ही एवढी सॅक. आता मला सांग, ट्रॅकवर चालायला पुण्याला कशाला जायला पाहिजे? आपल्या दौंडात ट्रॅक कमी आहेत?"

काकूंचंही बरोबरच आहे. दौंड म्हणजे रेल्वेचं गाव, आणि काका रेल्वेत चावीवाले होते. हातोडी आणि पाना घेऊन रोज ठरलेल्या हद्दीतून रुळाच्या कडेनं चालायचं, कुठली चावी ढिली झालीय ते बघायचं आणि ठोकून बसवायची. ऊन असो, पाऊस असो. त्या घरात ट्रॅक म्हणजे रूळ, दुसरं काही नाही. पगार घेऊन जे काम काकांनी जन्मभर केलं, ते कुणी हौसेनं, पदरचे पैसे घालून करतंय म्हटल्यावर काकूंना पोराची काळजी वाटणारच.

"ट्रॅकिंग नाही हो काकू, ट्रेकिंग. ट्रे."

"चहाचा ट्रे?"

"त्याहून आखूड. दारावरची बेल म्हणताना कसं म्हणता? आणि शंकराला वाहतो तो बेल?"

काकूंनी दोन्ही म्हणून पाहिलं. बेल, बेऽल. हसल्या. लिहायला दोन्ही सारखेच, कारण आखूड ए दाखवायला आपल्याकडे वेगळी खूण नाही. ॲ आणि ऑ यांना वर्णमालेत मानाची जागा मिळाली, या बिचाऱ्याला अजून नाही. पण बोलताना आपण कधी चुकतो का? दारावर बेल वाजली म्हणून कुणी पिंडीकडे धावत नाही. तोच दारावरच्या बेलमधला ए ट्रेकिंगमध्ये घालायचा, की झालं. पेनमध्येही तोच आहे.

"आणि काकू, जोर ट्रेवर द्यायचा. किंगवर नाही."

"मला वाटलं, कुठला राजा आहे!"

हे मात्र आपल्याकडे सगळ्यांचंच होतं. एका अक्षरावर ठोका द्यायचा आणि बाकीची अर्धवट गिळायची ही इंग्रजीची खोड; मराठीत प्रत्येक अक्षराला ज्याचं त्याचं माप मिळतं. त्यातून किंग ऐकायला भारदस्त, म्हणून जीभ तिथंच जाऊन बसते. वर स्पेलिंगमध्ये दोन के दिसतात, म्हणून काही जण ट्रेक्किंग म्हणतात. बोलताना क एकच.

पलीकडून खुर्चीतून काकांचा आवाज आला. "अगं, गोऱ्यांनी आपल्या गावाचं काय केलं होतं? 1878 साली मनमाडची लाइन निघाली, तर कागदोपत्री नाव धोंड! तुझ्या माहेरच्या शिरूरचं सिरूर. त्यांनी आपली गावं मोडली, आपण त्यांचा एक शब्द मोडला. फिट्टंफाट!"

हिशेब चोख, पण शब्द मुळात गोऱ्या साहेबाचाही नव्हे. तो आला दक्षिण आफ्रिकेतल्या डच शेतकऱ्यांकडून. डच भाषेत त्या क्रियापदाचा अर्थ ओढणं. एकोणिसाव्या शतकात, 1830 नंतर, हे शेतकरी इंग्रजांच्या राज्याला कंटाळून, बैलांच्या गाड्यांत संसार भरून केप सोडून आत निघून गेले. त्या स्थलांतराचं नाव ग्रेट ट्रेक. इंग्रजीनं तो शब्द उचलला आणि पुढं बैल सुटले, नुसती पायपीट उरली.

हे ऐकून काकूंनी शेंगा बाजूलाच ठेवल्या. "म्हणजे बैलगाडाच की!"

त्यांचं माहेर शिरूर तालुक्यातलं, तेव्हा या विषयावर अधिकार त्यांचा. मी चुकून "बैलगाडीच्या शर्यती" म्हणाले, तर लगेच टोकलं. "गाडी नाही, गाडा. गाडी बाजाराला जाते, गाडा घाटात पळतो." 2014 ला सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या, डिसेंबर 2021 मध्ये परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. तारखा माझ्या, त्या मधल्या वर्षांत माहेरच्या जत्रा कशा सुन्या गेल्या, ते काकूंकडून ऐकावं.

"तर काकू, तो पोरगा लोणावळ्याच्या घाटात जातो. राजमाची, लोहगड..."

"घाटात? कुणाची बारी आहे?"

आता काय सांगणार! शिरूरकडं घाट म्हणजे गाडे पळवायची चढती धावपट्टी. ट्रॅक तिथंही आडवा आलाच.

"बारी नाही हो. गडावर चढतो, फिरतो, संध्याकाळी परत येतो."

"मग सरळ गडावर जातो म्हणा की. एवढं ट्रे आणि किंग कशाला?"

माझं मत विचाराल तर काकूंच्या बाजूनं. गो. नी. दांडेकर उभा जन्म गड हिंडले, त्याला दुर्गभ्रमण म्हणाले आणि कुणाचं काही अडलं नाही. पण पोरांना ट्रेकच म्हणायचं असेल तर नीट म्हणावं. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर पावसाळ्यात "एकदिवसीय ट्रॅकिंग, नाश्त्यासह" अशी पोस्टर येतात. पुण्यात ते खपून जातं. दौंडकरांनी मात्र जपून. गडावर ट्रेकिंग करायला कुणाची ना नाही. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना ट्रॅकिंग केलंत, तर 1989 च्या रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.