पिन अडकवून घेण्याच्या सात पायऱ्या

तुमच्या घरी टर्नटेबल आहे, दहाबारा रेकॉर्डी आहेत, यंत्रासोबत आलेलं कार्ट्रिज आहे आणि गाणं छान ऐकू येतं. म्हणजे तुमचं कुठेतरी चुकतंय. खचू नका, सुरुवातीला सगळ्यांचं असंच होतं.

कार्ट्रिज म्हणजे आर्मच्या टोकाचा करंगळीच्या पेराएवढा ठोकळा. पिन खाचेत थरथरते, ते थरथरणं हा ठोकळा विजेत बदलतो. काम एवढंच. एवढ्याशा कामापायी घरातली शांतता कशी घालवायची, ते आता क्रमाने शिकू.

१. आहे त्याला नाक मुरडा. तुमचं सध्याचं कार्ट्रिज बहुधा ‘मूव्हिंग मॅग्नेट’ असेल. त्यात चुंबक हलतो, कॉइल जागेवर राहते. तीन ते पाच मिलिव्होल्टचा दणदणीत सिग्नल मिळतो. पिन झिजली तर चिमटीत धरून ओढा, नवी बसवा, दोन मिनिटांत काम संपतं. इतकी सोय शौकिनाला शोभत नाही. कुणी विचारलं तर खांदे उडवा आणि म्हणा, “बरं आहे, मुलांसाठी.”

२. उलटं घ्या. ‘मूव्हिंग कॉइल’मध्ये चुंबक स्थिर असतो आणि कॉइल हलते. डेनॉनचं डीएल-१०३ हे जपानच्या एनएचके रेडिओसाठी १९६२ च्या सुमारास घडलं आणि अजून मिळतं. सिग्नल फक्त ०.३ मिलिव्होल्ट, म्हणजे मूव्हिंग मॅग्नेटचा दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी. तो ऐकू यावा म्हणून वेगळा ट्रान्सफॉर्मर घ्या. ट्रान्सफॉर्मर गुणगुणायला लागला की वेगळी वायर घ्या. पिन झिजली तर पिन बदलता येत नाही, अख्खं कार्ट्रिज बदलावं लागतं. आता कसं शौकीन झाल्यासारखं वाटतंय ना?

३. त्याचे कपडे उतरवा. डीएल-१०३ ला एकच खोड आहे, ते भरवशाचं आहे. रेडिओ स्टेशनात दिवसभर राबण्यासाठीच ते केलेलं. म्हणून जगभरचे जाणकार त्याचं प्लास्टिकचं अंग सोलून आतला जीव लाकडात किंवा धातूत बसवतात. ब्रुकलिनची ग्रॅडो कंपनी तर लाकडी अंगाची कार्ट्रिजंच विकते. तुम्ही नागपूरकर, तुम्ही लाकूड बाहेरून का आणावं? दिल्लीच्या नव्या संसद भवनाला नागपूरचं सागवान चाललं, तुमच्या ठोकळ्याला न चालायला काय झालं? सुताराला माप द्या: आतून पोकळ, वर दोन भोकं, भोकांत अर्ध्या इंचाचं अंतर. तो विचारेल, “भाऊ, ह्याच्यात ठेवता काय?” “गाणं,” असं सांगा. तो पैसे आगाऊ मागेल. त्याचं मनावर घेऊ नका.

४. काट्याकडे वळा. पिनेची हिरकणी ज्या दांडीच्या टोकावर बसते, ती दांडी साधारणपणे ॲल्युमिनियमची असते. सामान्यांनी बोरॉनपर्यंत जावं, श्रीमंतांनी माणकापर्यंत. पण साऊंडस्मिथ या अमेरिकी कंपनीच्या ‘हायपेरियन’मध्ये ही दांडी चक्क निवडुंगाच्या काट्याची आहे! दचकू नका. ७८ च्या तव्यांच्या काळातही पोलादी पिन तवा खाते म्हणून काहीजण बांबूच्या, काट्याच्या पिना लावत. विदर्भात बाभळीला काय तोटा? सुट्टीच्या दिवशी गावाबाहेर जा, भिंग घेऊन काटे निवडा. घरी येईपर्यंत दोन पायात रुततील, ते बाद समजा. ज्यांना दांडीच नको त्यांच्यासाठी जुनं डेक्का आहे, त्यात दांडीला फाटाच दिलेला. ज्यांना चुंबक आणि कॉइल दोन्ही नकोत त्यांनी डीएस ऑडिओचं प्रकाशावर चालणारं घ्यावं. त्याला त्याचा खास डबा लागतो. ज्यांना पैसेही नकोत त्यांच्यासाठी पुढची पायरी.

५. वजन तोला. डीएल-१०३ ला पिनेवर २.५ ग्रॅम भार लागतो. आर्म अधांतरी तरंगेल असा तोलून घ्या आणि पिनेच्या बरोबर वर तांबं-निकेलचं जुनं चार आण्याचं नाणं ठेवा. त्याचं वजन नेमकं २.५ ग्रॅम. आजोबा पिन उडू नये म्हणून आर्मवर नाणं ठेवायचे तेव्हा आपण हसायचो. ३० जून २०११ ला चार आणे चलनातून गेले, तुमच्याकडे मात्र अजून चालतात. एवढं कळल्यावर नाणं खिशात टाका आणि ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा डिजिटल काटा मागवा. फुकटात बसलेल्या भाराचा आवाज कुणी गंभीरपणे ऐकत नाही.

६. हवामान बघा. कार्ट्रिजच्या पोटात दांडीला धरून ठेवणारं इवलंसं रबर असतं. ते विशी-पंचविशीच्या तापमानात शहाण्यासारखं वागतं, थंडीत आखडतं, उन्हात सैलावतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीशी गाठतो. कूलर लावला तर त्याच्या घरघरीत ०.३ मिलिव्होल्ट वाहून जातात. कूलर बंद केला तर घरचे तुम्हाला बाहेर काढतात. पावसाळ्यात बुरशी. उरला डिसेंबर. तेव्हा तुमच्या कार्ट्रिजचंही हिवाळी अधिवेशन समजा: वर्षातून एकदा, थोडेच दिवस, तयारी दांडगी, खर्च त्याहून दांडगा, आणि निष्पन्न काय झालं ते विचारायचं नसतं.

७. शेवटी, अगदीच इलाज नसेल तर, गाणं ऐका. रेकॉर्ड ‘कट्यार काळजात घुसली’ची लावा. १९६७ चं नाटक, लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे, खाँसाहेब झालेले वसंतराव देशपांडे नागपुरातच वाढलेले, म्हणजे लाकडापासून गळ्यापर्यंत सगळा माल गावातला. बाबांना समोरच्या खुर्चीत बसवा. त्यांच्या फिएस्टा प्लेअरमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज होतं, त्याला ट्रान्सफॉर्मर लागत नसे आणि पिनेचं वजन कुणी कधी विचारलं नव्हतं. हे त्यांना आठवू देऊ नका.

दिवे मंद करा. पिन टेकवा. तान वर चढेल, आणि ऐन समेच्या तोंडावर ओरखड्याची ‘टक्’ येईल, इतकी स्वच्छ, इतकी गोल, की तुम्ही शहारून जाल. बाबांकडे बघा. ते डोळे मिटून म्हणतील, “हा ओरखडा माझ्या हातून पडला होता. तेव्हाही असाच ऐकू यायचा बाप्पा.”

वाद घालू नका. मान डोलवा, रेकॉर्ड पुसून कव्हरात ठेवा आणि सकाळी उठून सुताराला फोन लावा: या खेपेला बाभूळ.