बारा वाजून गेले, तरी दिवे जळतायत!

काय दिवस आले बघा! नागऱ्यात महाशिवरात्रीला जागरण होतं, ते आपण समजू शकतो; महादेवाचं गाव आहे. पण एप्रिलातल्या साध्या मंगळवारी मध्यरात्री घरोघरी दिवे? कशासाठी, तर सीईटीसाठी. तीही क्लासशिवाय! कोटा नको, नागपूर नको, हाकेच्या अंतरावरचं गोंदियाही नको. पोट्टे म्हणतात, "आम्ही घरीच करतो." फी वाचतेय म्हटल्यावर बापाने ओरडायचं तरी कुठल्या तोंडाने?

आणि घरी काय थेरं चालतात! 90 मिनिटांचा टायमर, भौतिक-रसायनचे 100 प्रश्न. तोवर टीव्ही बंद, मिक्सर बंद, कुकरने शिटी मारली तर जणू फौजदारी गुन्हा. मग आणखी 90 मिनिटं गणिताची. तिथे प्रश्न 50च, पण एकेकाला दोन गुण, म्हणून आईसुद्धा चवड्यांवर चालते. पेपर संपला, सुटलो म्हणावं तर खरा तमाशा पुढेच. 'चुकांची वही' निघते! कुठे सूत्र विसरलं, कुठे घाईत वजाचं चिन्ह गिळलं, सगळं तारीखवार. सावकाराने इतकी चोख वही ठेवली नसेल. तोच चुकलेला प्रश्न आठवड्याने पुन्हा पुढ्यात. गुण वाढतात ते इथेच, पण हे चारचौघांत बोलायचं नाही हं.

रद्दीत घातलेली अकरावीची पुस्तकं आता शोधत फिरतायत. पेपरातला 20 टक्के भाग अकरावीचा निघाला ना! 'अकरावी म्हणजे आराम' ही दीक्षा दिली कोणी? आपणच.

बाटलेल्यांचं तर विचारूच नका. "क्लासबिगर काय होते बापा?" म्हणणारे काकाजी हल्ली पानठेल्यावर पर्सेंटाइलचं प्रवचन झोडतात: 90 पर्सेंटाइल म्हणजे 90 टक्के गुण नव्हेत, 100तले 90 जण तुमच्या बरोबरीला किंवा मागे. वर उपदेश, उणे गुण नाहीत, एकही प्रश्न कोरा सोडू नका! सुपारी कातरता कातरता.

आपण अर्थात यातले नाही. सहज जुना पेपर उघडला, एवढंच. वही? ती किराण्याची हो! शेजारच्या वहिनी तेवढ्यात हळद मागायला आल्या आणि जाता जाता विचारून गेल्या, "व्हॅनेडियमचा अणुअंक किती हो?"

तेवीस! ही काय विचारायची गोष्ट झाली?