थांबवायची ताकद

हा माणूस तुमच्याही चौकात असणारच. जवळ साधी गलोल नाही, पण पिस्तूल कोणतं घ्यावं यावर चहा थंड होईस्तोवर बोलतो. आमच्या कोहमाऱ्यात त्याला काडतूसभाऊ म्हणतात. फाट्यावर त्याचं कृषी केंद्र आहे. समोरून रायपूर-नागपूर हायवे, एक रस्ता गोरेगाववरून गोंदियाला, एक नवेगावबांधकडे. धानावर तुडतुडे पडले म्हणून औषध मागायला जावं, तर बाटली हातात तशीच धरून हा विचारणार, "भाऊ, नाइन एमएम का पंचेचाळीस?" तिकडं तुडतुडे धान बसवत असतात.

मग मायामी. 1986 साली तिथं एफबीआयची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली. एकाला नाइन एमएमची गोळी वर्मी लागूनही तो गोळ्या झाडत राहिला आणि दोन एजंट गेले. त्यानंतर एफबीआयनं मोठ्या गोळ्या वापरून पाहिल्या आणि तीसेक वर्षांनी पुन्हा नाइन एमएमवरच आली. हे सगळं काडतूसभाऊ असं सांगतो, जणू मायामी सौंदडच्या पलीकडं आहे. शेवटी बोट वर करून म्हणतो, "मुद्दा एकच. थांबवायची ताकद!"

म्हणजे गोळी लागली की माणूस जागेवर थांबला पाहिजे. इथवर ठीक आहे. पण जगातली प्रत्येक वस्तू तो याच मापानं मोजतो. खर्रा तोंडात टाकला की, "घोटला बरा, पण थांबवायची ताकद नाही." हात दाखवूनही एसटी निघून गेली की, "आपल्या हातात थांबवायची ताकद कमी पडली." तणनाशक, स्पीडब्रेकर, जावयाचा मोटारसायकलचा ब्रेक, कोणालाच सूट नाही. एकदा ऐन रंगात असताना आतून बायकोचा एकच "अहो" आला आणि भाऊ अर्ध्या वाक्यात गप्प झाला. थांबवायची ताकद कशात असते, हा वाद त्या दिवशी चहावाल्यानं त्या "अहो"च्या बाजूनं निकालात काढला.

मंडईच्या जत्रेतल्या नाटकात तर कहर झाला. झाडीपट्टीतली नाटकं रात्रभर चालतात. पहाटेच्या सुमारास खलनायकानं रिव्हॉल्व्हर काढलं, टिकली वाजली, नायक कोसळला, बायांनी पदर डोळ्यांना लावला. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून भाऊ उभा राहिला. "एवढ्या अंतरावरून बत्तीसच्या गोळीनं हा मरत नाही!" मेलेल्या नायकाला हसू आवरेना. पडदा पाडावा लागला.

गंमत अशी की ज्या दोन गोळ्यांवर त्याची हयात चालली, त्या दोन्ही आपल्याकडं प्रतिबंधित बोअरमध्ये येतात. शस्त्र कायदा 1959चा, नियम 2016चे. सरकारी दलांची नाइन एमएम किंवा पंचेचाळीसची गोळी ज्यात बसते, ते पिस्तूल साध्या परवान्यावर मिळत नाही. तुमच्याआमच्या वाट्याला येतं ते मुख्यतः पॉइंट बत्तीस. 2014 साली कानपूरच्या कारखान्यानं बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' काढलं तेही बत्तीसच, वजन अर्धा किलो, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात. म्हणजे निवड सरकारनं आधीच करून ठेवली आहे. हे मी एकदा त्याला सांगितलं. तो म्हणाला, "म्हनूनच तर विचार करून घ्यावं लागते."

विचार चालू असताना तयारी मात्र झाली. चामड्याचं होल्स्टर आलं. लपवून बाळगायचा सराव म्हणून तो दोन नंबर मोठा शर्ट घालतो, तोही उन्हाळ्यात, पँटच्या बाहेर. होल्स्टरमध्ये दुकानाच्या किल्ल्या आणि खर्र्याची पन्नी असते. पन्नी काढताना उजवा हात झटक्यात कमरेला जातो, डोळे बारीक होतात. नवखं गिऱ्हाईक दोन पावलं मागं सरकतं.

अखेर त्यानं परवान्यासाठी अर्ज केला. परवाना देणार जिल्हाधिकारी, पण आधी पोलिसांचा अहवाल लागतो. चौकशीला आलेल्या शिपायानं सरळ विचारलं, "धोका कोनापासून हाय?" भाऊ अडला. रानडुकरं आहेत, पण पीक राखायला कायद्यात ठासणीची बंदूक आहे, कमरेचं पिस्तूल नव्हे. 2022ला गडचिरोलीकडून अर्जुनी मोरगावात रानहत्ती उतरले होते. त्यांच्यापुढं बत्तीसचं नाव काढायला भाऊलाच लाज वाटली. माणसांपैकी कोणी सुचेना.

शिपाई चहाच्या टपरीवर आला आणि तिथं आम्ही घात केला. जो तो भाऊबद्दल चांगलंच बोलला. युरिया उधार देतो, धान विकल्याशिवाय मागत नाही. गोंदियाहून शेवटच्या गाडीनं कॉलेजच्या पोरी उतरतात, त्यांना न्यायला घरचं कोणी येईपर्यंत दुकानाचं शटर अर्धं उघडं ठेवून, टॉर्च घेऊन बाहेर बसतो. विचारलं तर म्हणतो, "हिशेब राहिला होता." पोरी त्याला मायामीचं विचारतात आणि तो सांगतो, हे त्यातल्याच एकीच्या बापानं सांगितलं. शिपायानं सगळं लिहून घेतलं. या माणसाला शत्रू नाही, असा त्याचा अर्थ निघाला.

अर्ज बारगळला. चार दिवस भाऊ कोणाशी बोलला नाही. आपल्याला मारावं असं अख्ख्या तालुक्यात कोणाला वाटू नये, हा अपमान त्याला फार लागला. पाचव्या दिवशी तो कोरा कागद घेऊन माझ्याकडं आला. "तुमचं अक्षर चांगलं हाय. मले एक धमकी लिहून द्या."

मी पुष्कळ समजावलं. ऐकेना. शेवटी लिहिलं, "उधारी बंद केलीस तर याद राख." त्यानं कागद दूर धरून दोनदा वाचला, मान हलवली आणि खिशातून लाल पेन काढून माझ्यापुढं ठेवलं.

"पुन्हा लिहा. यात थांबवायची ताकद नाही."