पैलवानाचे काका

लव्हबर्ड पाळणारा माणूस जत्रेतही ओळखू येतो. त्याच्या एका तरी बोटाला पट्टी असते, शर्टाची वरून दुसरी गुंडी गायब असते आणि खांद्यावर एक पांढरा ठिपका वाळलेला असतो. तो त्याला सोडून सगळ्यांना दिसतो. पट्टीचं विचारलं की म्हणतो, "काई नाई हो, लाडात आला होता थोडा."

जामसांवलीत हा मान आमच्या काकांचा. जामसांवली म्हणजे सौंसरजवळचं, पिंपळाखाली निजलेल्या मारुतीचं गाव. मंगळवारी-शनिवारी नागपूर, छिंदवाडा, पांढुर्णा, सगळीकडून माणसं लोटतात. बाहेरची बाधा झालेली माणसंही इथं आणतात. दर्शन झालं की त्यांच्यातले जे काकांच्या नात्यातले निघतील, ते चहाला घरी येतात. देवळात एक बाधा उतरवून आलेल्या माणसाच्या खांद्यावर काकांच्या ओसरीत दुसरी चढते. हिचं वजन पन्नासेक ग्रॅम.

तिचं नाव पैलवान.

काका मूळचे पक्षीप्रेमी नव्हेत. संत्र्याची बाग आणि मक्याचं वावर असलेला माणूस पक्ष्यांवर प्रेम करूच शकत नाही. कणसांवर पोपटांचा थवा उतरला की काका गोफण घेऊन बांधावर उभे राहत आणि जी भाषा वापरत, ती ऐकून पोपटांआधी बाया निघून जात. अशा घरात नातवानं नागपूरहून पिंजरा आणला. काका गरजले, "वापस नेऊन दे! वावरात फुकटचे कमी हायेत काय, का इकत आणले?"

नातवानं कायदा सांगितला. वावरातला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा. हा आफ्रिकेचा, म्हणून चालतो. काकांना एवढंच पटलं की पाहुणा लांबचा आहे आणि लांबच्या पाहुण्याला चहा न देता काढून देणं बरं दिसत नाही.

पाहुणा राहिला. लव्हबर्ड म्हणून बाजारात बजरीगरही खपतात. ते ऑस्ट्रेलियाचे आणि स्वभावानं गरीब. काकांचा अस्सल निघाला, नामिबियाकडच्या कोरड्या मुलखातला, गुलाबी तोंडाचा, हिरव्या अंगाचा. शेपटीच्या वर, पाठीच्या खालच्या टोकाला निळा रंग आणि चोचीला अडकित्त्याची धार. पहिल्याच दिवशी त्यानं टीव्हीच्या रिमोटवरचं आवाजाचं बटन उपटलं. तेव्हापासून त्या घरात बातम्या आणि भजनं एकाच आवाजात ऐकतात.

काकू म्हणते, "पांढुर्ण्याची गोटमार वर्सातून एकडाव, पोया झाल्यावर दुसऱ्या दिवशी. आमच्या घरी रोजच."

आणि काका? बाप, भाऊ, सरपंच, तहसीलदार, कोणाचंही न ऐकलेला हा माणूस पैलवानापुढं हात जोडून उभा राहतो. सकाळी बाजरी आणि राळे. सूर्यफुलाच्या बिया मोजून, कारण त्यानं चरबी वाढते. बागेतल्या संत्र्याची एक फोड, बी काढून. घरच्या नातवानं आजवर बी थुंकूनच संत्रं खाल्लं आहे, ही गोष्ट वेगळी. चोच घासायला काष्ठौषधीच्या दुकानातून समुद्रफेन. उन्हाळ्यात पंजा बुडेल एवढं पाणी पसरट वाटीत, आंघोळीला. पिंजऱ्याचं दार उघडायच्या आधी छताचा पंखा बंद. मे महिन्यातही बंद. संध्याकाळी पिंजऱ्यावर काकूचं जुनं लुगडं, कारण त्याला दहा-बारा तास झोप लागते. सातनंतर आम्ही सगळे त्या घरात कुजबुजत बोलतो.

स्वयंपाकघराची सत्ताही गेली. पक्ष्याची फुप्फुसं फार नाजूक. मिरचीची फोडणी द्यायची तर आधी पिंजरा अंगणात न्यायचा. लेकीनं आणलेला नॉनस्टिक तवा तर काकांनी माळ्यावर टाकला: फार तापला की त्याच्या वाफेनं पाखरू मरतं. हे खरंच आहे. पण ते सांगताना काकांनी काकूकडं असं पाहिलं, जणू तिनं सुपारी घेतली होती.

दुपारी पैलवान पेपर वाचतो, म्हणजे फाडतो. चोचीनं कडेकडेनं कुरतडून सारख्या मापाच्या लांब पट्ट्या काढतो आणि पाठीच्या खालच्या पिसांत खोचतो. या जातीची ती घरटं बांधायची रीत. फिशर नावाची दुसरी जात तीच पट्टी चोचीत धरून नेते. विल्यम डिल्गर नावाच्या अमेरिकन संशोधकानं या दोन जातींचा संकर केला आणि १९६२ साली त्याची हकिगत छापली: ती पिल्लं पट्टी पिसांत खोचायला जात, ती पडे, पुन्हा खोचत, पुन्हा पडे. वर्षानुवर्षं हा गोंधळ चालला. मला यात नवल वाटलं नाही. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आम्ही मध्यप्रदेशात राहिलो, तेव्हापासून आमच्या सौंसरकडचा माणूस वाक्य मराठीत खोचायला जातो आणि शेवटी हिंदी चोचीत धरून पळतो.

अशा थाटात चाललेलं असताना पैलवानानं अंडं दिलं.

काका माळकरी. त्या उंबऱ्याच्या आत अंडं कधी आलं नव्हतं. आता ते आतच तयार झालं. काका पिंजऱ्यासमोर मांडी घालून बसले. नातवानं समजावलं की या जातीत नर-मादी दिसायला सारखेच. पिसाची डीएनए तपासणी केली तर कळतं, नाहीतर असं कळतं. नर नसला तरी मादी अंडी घालते, त्यातून पिल्लू निघत नाही. आणि मादीच जास्त भांडखोर असते.

शेवटचं वाक्य ऐकून काकूनं आतून विचारलं, "का म्हणते तो?"

"काई नाई," काका म्हणाले.

एक दिवस आड एक अशी अंडी येत गेली. काढून घेतली तर आणखी घालते, म्हणून तशीच ठेवायची. कंटाळली की स्वतःच सोडते. माळकऱ्याच्या ओसरीत पाच अंडी आणि त्यांच्यावर पंख पसरून बसलेली पैलवान. काकांनी नाव बदललं नाही. फक्त "आला" चं "आली" झालं आणि समुद्रफेन दुप्पट झालं, कारण अंड्यापायी अंगातला चुना जातो. बाळंतिणीचं इतकं त्या घरात पूर्वी कोणी केलं असेल, तर काकूला ते आठवत नाही.

लव्हबर्ड पाळणाऱ्या माणसाची खरी विद्या मात्र वेगळीच. काका आता पिसांवरून मन ओळखतात. अंगाला चिकटलेली पिसं म्हणजे भ्याली. थोडी फुगलेली, डोळे अर्धे मिटलेले आणि चोच करकर वाजते, म्हणजे सुखात आहे, झोप येते आहे. दिवसभर फुगून एका जागी बसली तर आजारी, तेव्हा वाट न पाहता डॉक्टर. पंख उचललेले आणि चोच उघडी, तर हात मागं. हे सगळं ते आल्यागेल्याला शिकवतात, बोट पुढं करून, आणि ते बोट त्यांना पुन्हा बांधावं लागतं.

परवा असंच शिकवणं चाललं होतं. काकू चहाचे कप आपटत आली आणि न बोलता आत गेली. काकांनी मान वळवून पाहिलं. इतक्या वर्षांत बहुधा पहिल्यांदाच त्यांनी विचारलं, "काय झालं वं?"

आतून उत्तर आलं, "वळखा. पिसं फुगली हायेत."

काकांनी लगेच हात मागं घेतला.