कानाचा वस्ताद

कळंबोलीचं स्टील मार्केट असो, निगडीचं ट्रान्सपोर्टनगर असो, की हायवेला पंपामागे उभी असलेली चार पत्र्यांची शेड. जिथे जुने ट्रक दुरुस्तीला थांबतात तिथे एक वस्ताद असतातच. पाटीवर त्यांचं नाव नसतं. हातात पाना क्वचित दिसतो. पाने फिरवायला पोरं आहेत. वस्तादांचं काम ऐकायचं.

ट्रक आत वळला की ते ड्रायव्हरला हातानेच खूण करतात, ‘बंद करू नको.’ मालक उतरून तक्रार सांगू लागतो. वस्ताद डोळे मिटतात. मालकाला वाटतं, काय मन लावून ऐकतोय माणूस! ऐकत असतात खरे, पण इंजिनाचं. माणसाचं म्हणणं वस्तादांनी आजवर शेवटपर्यंत ऐकल्याचं कुणाच्या आठवणीत नाही.

“आवाज कसा येतो, शेठ?”

“टकटक येतो.”

“टकटक की ठकठक?”

शेठ विचारात पडतात. तोंडाने दोन्ही करून बघतात. ड्रायव्हर मध्येच म्हणतो, “चढाला ठकठक, उताराला टकटक.” किन्नर म्हणतो, “मागून खणखण पण येतं.” ती खणखण टूलबॉक्समध्ये मोकळ्या पडलेल्या जॅकची असते, पण ती सांगायला वस्ताद डोळेसुद्धा उघडत नाहीत.

मग लांब स्क्रूड्रायव्हर येतो. टोक इंजिनाला, मूठ कानामागच्या हाडाला. डोक्याच्या बाजूने बारीक टिकटिक आली तर टॅपेट ढिले. फिलर गेज लावा, विषय संपला. सकाळी थंड इंजिन खटखटतं आणि तापलं की गप्प होतं, म्हणजे पिस्टन लायनरमध्ये डुलतोय. एवढ्यात मरत नाही, चालवा. कडक टणटण आणि वर काळा धूर, म्हणजे नोझल थुंकतोय नाहीतर पंपाचं टायमिंग पुढे गेलंय. आणि खालून, चेंबरच्या अंगाने, लोड घेतल्यावर जाड, दबका ठोका आला की मात्र वस्तादांचे डोळे उघडतात. तो ठोका बिगेंड बेरिंगचा. त्यानंतरचा प्रश्न ठरलेला.

“ऑईल कधी बदललं होतं?”

“आत्ताच की!”

वस्ताद वाद घालत नाहीत. गेज ओढतात आणि ऑईलचा थेंब अंगठ्या-बोटात चोळतात. काळं आहे याचं त्यांना काही वाटत नाही. डिझेल इंजिनात नवं ऑईलही एक-दोन खेपांत काळं होतं. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. ते वास घेतात. डिझेलचा वास आला तर कुठला तरी नोझल गळतोय आणि ऑईल पातळ झालंय. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. शेवटी ते बोट उन्हात धरतात.

“शेठ, चमकतंय.”

“नवीन ऑईल चमकणारच ना, वस्ताद.”

चमकत असतो तो बेरिंगचा भुगा. क्रँक आणि बेरिंग यांच्यामध्ये ऑईलचा केसाहून बारीक थर असतो, आणि तो टिकतो तोवर लोखंड बेरिंगला भिडत नाही. ऑईल मेलं की तो थर फाटतो, बेरिंग झिजतं, फट वाढते, प्रेशरचा काटा खाली बसतो. काटा खाली बसला की मालकाचं निदान तयार असतं: काटा बिघडलाय.

पडद्यांना नवे गोंडे, मागे नवी अक्षरं, दोन जादा हॉर्न, या सगळ्याला पैसे निघतात. ऑईल मात्र ‘अजून एक खेप काढेल’. आणि सगळ्यात भारी हिशेब असा की, “गाडी पिते तेवढं वरून टाकतोच आम्ही. म्हणजे बदललंच ना?”

यावर वस्तादांचं व्याख्यान पाठ आहे. ऑईल काढायचं ते गाडी चालवून आल्यावर, गरम असताना. तेव्हा घाण तरंगत असते, थंड झाल्यावर ती तळाला बसते. बोल्ट काढायचा, चहा पिऊन यायचं, शेवटचा थेंब गळू द्यायचा. फिल्टर दर वेळी नवा. 15डब्ल्यू40 लिहिलंय तर तेच. मेव्हण्याच्या दुकानातलं नाही. शेवटचं वाक्य हमखास असतं: “सगळ्यांनी वेळेत ऑईल बदललं तर माझं दुकान बंद पडेल, शेठ.” आणि ते बंद पडू नये याची प्रत्येक गिऱ्हाईक मनापासून काळजी घेतं.

जुनी गाडी विकत घेताना लोक वस्तादांना मुद्दाम घेऊन जातात, कारण दलालांची एक युक्ती त्यांच्यापुढे चालत नाही. ठोकणाऱ्या इंजिनात जाड ऑईल ओतलं की आवाज दबतो. दलाल कौतुकाने गाडी चालू करतो, “बघा, आवाज आहे का?” वस्ताद म्हणतात, “छान आहे. बंद करू नका, चहा सांगा.” अर्ध्या तासात ऑईल तापून पातळ होतं, खालून ठक-ठक सुरू होते आणि चहाचे पैसे दलालालाच द्यावे लागतात.

पण वस्तादांचा खरा अभिमान इंजिन न उघडता सांगण्यात. नोझलचे पाइप एकेक ढिले करून बघितलं तर ज्याचं डिझेल तोडल्यावर ठोका मरतो तो सिलिंडर दोषी, हे शेंबडं पोरही सांगेल. मग त्याचा नोझल शेजारच्यात टाकायचा. ठोका सोबत गेला तर नोझल खराब, जागेवर राहिला तर दुखणं खाली. वस्तादांना हे परीक्षेत पुस्तक उघडल्यासारखं वाटतं. ते कानाने नंबर सांगतात. नंबर कुठून मोजायचे हा पोरांचा पहिला धडा. “एक नंबर कुठला? पंख्याकडचा!” गिअरबॉक्सकडून मोजणाऱ्या कित्येकांनी टपल्या खाल्ल्यात.

मध्यंतरी एक जुना टाटा 1613 आला. आत 697 इंजिन, म्हणजे सहा सिलिंडर, 97 मिलिमीटर बोअर. वस्तादांनी कान लावला आणि जाहीर केलं, “तीन नंबरचं बिगेंड.” खर्च ऐकून शेठ म्हणाले, “सीझन झाल्यावर बघू,” आणि गाडी घेऊन गेले ते थेट पलीकडच्या गल्लीतल्या स्वस्त गॅरेजमध्ये. काम गेल्याचं वस्तादांना काही वाटलं नाही. पण तीन नंबर निघाला की नाही, या विचाराने त्यांना जेवण जाईना. दुपारी पोराच्या मोटरसायकलवर मागे बसून ते तिथे पोचले. “सहज आलो, चहाला.”

चेंबर उतरलं होतं. चार नंबरच्या बेरिंगचा वरचा पांढरा थर जाऊन लालसर तांबं उघडं पडलं होतं. तीन नंबर धडधाकट.

पोराला हसू आवरेना. “वस्ताद, चार निघाला!”

वस्तादांनी बेरिंग हातात घेतलं, उलटंपालटं केलं, पोराच्या टाळक्यात एक टपली हाणली आणि म्हणाले, “गिअरबॉक्सकडून मोज, गाढवा.”