तोंडी तराजू

विहिरीवरची मोटर जळली की शेतकऱ्याबरोबर अण्णा तालुक्याला जातातच. मोटर टेम्पोत मागे, अण्णा पुढे ड्रायव्हरशेजारी. मोटर बहुधा एक फेज गेल्यामुळे जळलेली असते. अण्णांचा संशय मात्र ती मागच्या वेळी भरणाऱ्या वायंडरवर.

वायंडर जळकं तांबं ओढून काढतो, त्याचं वेटोळं बांधतो आणि काट्याकडे वळतो. "थांब!" अण्णांच्या खिशातून फूटपट्टी निघते. काट्यावरच विसंबायचं तर अण्णांनी यायचं कशाला? बाहेरचा व्यास २० सेंटिमीटर, आतला १६, उंची ३. मधला व्यास १८, म्हणजे घेर साडेछप्पन्न; गुणिले जाडी, गुणिले उंची, झाले ३३९ घनसेंटिमीटर. तांबं घनसेंटिमीटरला ८.९६ ग्रॅम. "तीन किलोला चाळीस ग्रॅम जास्तच!"

काटा पावणेदोन किलो दाखवतो.

"सव्वा किलो तांबं गेलं कुठं?" हा प्रश्न अण्णा असा विचारतात की शेजारच्या हॉटेलातली गिऱ्हाइकं चहा घेऊन बाहेर येतात. गुणाकारात खोट नाही, हे मी त्यांच्या बाजूने सांगतो. खोट वेटोळ्यात आहे. गोल तारा ओळीवर ओळ नीट रचल्या तरी एकवीस-बावीस टक्के जागा रिकामीच राहते, आणि हाताने बांधलेल्या गुंत्यात तर बरीच जास्त. शिवाय वार्निश. पाण्यातल्या मोटरच्या तारेवर तर प्लॅस्टिकचं जाड वेष्टण. ती पाहिली की अण्णांचा अंदाज आणखी फुगतो.

दुकानातला पोरगा मायक्रोमीटरने उघड्या तारेची जाडी घेतो, एका वेढ्याची लांबी घेतो, वेढे मोजतो. एक मिलिमीटर जाडीची शंभर मीटर तार साधारण ७०४ ग्रॅम. त्याचं उत्तर काट्याला जुळतं. "पोर आहे अजून," अण्णा म्हणतात.

खरी गंमत नव्या तारेच्या वेळी. तेवढ्याच मापाच्या नव्या वेटोळ्यांवर अण्णा सवयीने पट्टी ठेवतात, "तीन किलो!" वायंडर शांतपणे वही उघडतो. "बरं अण्णा, तीनचेच पैसे लावतो."

"छे! मधली हवा वजा कर की!"

तरी मोटर भरायला नेताना अण्णांना सोबत घ्याच. त्यांना कंटाळून वायंडर मजुरीत थोडंफार सोडतो. फक्त मोडीचा हिशोब झाला की त्यांना चहाला पाठवा, आणि नवी तार मुकाट्याने काट्यावर तोलून घ्या.