बोजा निरंक

'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे आम्ही येलदरीकर पाढ्यांच्या आधी शिकतो. जर्मनीला अजून कुणी कळवलेलं नाही, हा भाग वेगळा. पण बरोबरी सांगायचीच तर नीट सांगावी. त्यांच्याकडे रूर खोऱ्यात डुइसबुर्ग म्हणून शहर आहे. तिथला लोखंडाचा कारखाना १९८५ साली बंद पडला. मागे राहिल्या भट्ट्या आणि विष मुरलेली माती. आपल्याकडे असतं तर आठवड्याच्या आत भूमिपूजनाचे बॅनर लागले असते. त्या बावळटांनी आधी माती तपासली. जी अगदीच वाईट होती ती तिथल्याच जुन्या काँक्रीटच्या कोठ्यांत कोंडून टाकली आणि १९९४ साली बाग खुली केली. गॅसच्या टाकीत पाणी भरलंय, लोक त्यात बुड्या मारायला शिकतात. बागेला तिकीट नाही. एवढ्या मोक्याच्या जागेवर एकही टॉवर नाही! असा देश पुढं गेला तरी कसा, हे आमच्या येलदरी कॅम्पावर कुणाला उलगडलेलं नाही.

आम्ही त्या मानानं मागासच. १९६८ साली पूर्णेवर धरण झालं, पायथ्याला साडेबावीस मेगावॉटचं वीजघर आलं. पण शहराला शोभेल असं विष ओकणारा कारखाना काही नशिबी आला नाही. विकासाची खरी रीत पाहायची तर मुंबईच गाठावी लागते.

१९८२ च्या गिरणी संपानंतर तिथल्या कापडगिरण्या एकेक करून थंडावल्या. १९९१ साली सरकारनं वाटणीचा नियम केला: गिरणीच्या जमिनीचा एक तुकडा शहराच्या मोकळ्या जागेला, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. २००१ साली त्यात बारीकशी दुरुस्ती झाली. वाटायची ती फक्त मोकळी जमीन, बांधकामाखालची नाही. आता गिरणी म्हणजे बहुतेक बांधकामच. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानंही दुरुस्ती कायम ठेवली. आमच्या भावकीत अशी वाटणी झाली असती तर कुऱ्हाडी निघाल्या असत्या. मुंबईत मॉल निघाले. या सगळ्या भांडणात चौरस फूट इंच-इंच मोजले गेले. रंग, ब्लीच, यंत्राचं तेल असं काय काय त्या मातीत मुरलं असेल, याचा उच्चार मात्र फारसा कुणी केला नाही. भाव चढला की जमीन आपोआप शुद्ध होते, गोमूत्रसुद्धा शिंपडावं लागत नाही.

माती मात्र कधी कधी चुगली करते. मालाडला चिंचोली बंदरच्या जुन्या कचराभूमीवर काचेची ऑफिसं उभी राहिली. खालचा कचरा कुजतच होता. त्याच्या वायूनं संगणकातलं तांबं काळं पडू लागलं, सर्व्हर मान टाकू लागले. मग धावाधाव झाली, शास्त्रज्ञ आले, हवा तपासली. तोच वायू नाकात घेणारी माणसं कधीपासून आजूबाजूला राहत होती. पण माणसाला वॉरंटी नसते, त्यामुळे तक्रार कुठं नोंदवायची हा प्रश्नच.

आमच्या सातबाऱ्याचं बघा. सोसायटीचं दहा-वीस हजारांचं पीककर्ज घेतलं तरी 'इतर हक्क' रकान्यात बोजा चढतो आणि तो उतरवायला तलाठ्याकडं हेलपाटे घालावे लागतात. सातबारा असो की मुंबईचं प्रॉपर्टी कार्ड, पाऱ्याचा, शिशाचा, क्रोमियमचा बोजा चढवायला रकानाच नाही. तिथं कायम निरंक.

सरकार अगदीच स्वस्थ बसलंय असं नाही. जुलै २०२५ मध्ये केंद्रानं दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम काढले. संशयित जागा कळवली की प्राथमिक तपासणीला ९० दिवस, पक्क्या तपासणीला आणखी ९०, पुढं आराखडा, पुढं खर्च कुणाचा हे ठरवणं. विषाला थांबायची सवय आहेच. नियम आले तेव्हा देशभरात अशा १०३ जागा ओळखलेल्या होत्या आणि साफसफाई सुरू होती सात ठिकाणी. कचराभूमी या नियमांतून वगळली आहे, कारण तिच्यासाठी वेगळे कायदे आहेत.

हे वगळणं सोयीचंच पडलं. देवनारला १९२७ पासून मुंबईचा कचरा पडतोय. त्यातली १२४ एकर जागा २०२४ साली धारावी पुनर्विकासाला दिली, कागदोपत्री 'अपात्र' ठरणाऱ्यांच्या घरांसाठी. माहुलला रिफायनऱ्यांच्या कुशीत प्रकल्पग्रस्तांना असंच बसवलं होतं. तिथली हवा आरोग्याला धोक्याची आहे, हे हरित लवादानं २०१५ सालीच सांगून ठेवलंय. गिरणीची जमीन महाग म्हणून ती गिरणी कामगाराला परवडत नाही; देवनारची कुणाला नको म्हणून ती धारावीकराला परवडते. जर्मनांना हा हिशेब जमला नाही, म्हणून बिचारे बागा करत बसले.

नव्या नियमांत संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी राज्याच्या प्रदूषण मंडळाला देण्याचं काम स्थानिक संस्था आणि जिल्हा प्रशासनाकडं दिलंय. तुमच्या जिल्ह्यानं काय कळवलं, ते माहितीच्या अधिकारात विचारून घ्या. अर्जाला १० रुपये लागतात.